वेशीवरचे सत्य

मेंढपाळाचे चित्र नाही असे ख्रिस्ती घर शोधून सापडणे कठीण. घरच्या वेदीवर, प्रार्थनापुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या छोट्या चित्रावर, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी भेट मिळालेल्या तसबिरीत प्रभू येशू कोकरू खांद्यावर घेऊन उभा असतो आणि त्याच्या पायाशी पांढऱ्याशुभ्र मेंढ्या असतात. त्यांतील एकाही मेंढीचे नाक वाहत नसते. एकीच्याही हिरड्यांवर फोड नसतात. चित्रकाराला यासाठी दोष देण्याचे कारण नाही. भक्तीचे चित्र म्हणजे काही पशुवैद्यकाचे पुस्तक नव्हे. परंतु पवित्र शास्त्राला आजारी मेंढरू चांगले ठाऊक आहे. यहेज्केल संदेष्ट्याने इस्राएलच्या मेंढपाळांवर जे दोषारोप केले, त्यांत आजारी आणि जायबंदी मेंढरांची हेळसांड हा एक ठळक आरोप आहे.

तेव्हा मेंढपाळाने आजारी मेंढराची शुश्रूषा करावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न अवघड होतो तो आजार एका मेंढराचा न राहता सबंध कळपाचा होतो तेव्हा. आणि तो कळप दुसऱ्याच्या वेशीवर येऊन उभा राहतो तेव्हा तर अधिकच. आपल्या कळपातला रोग परक्यांना सांगण्याचे बंधन मेंढपाळावर कितपत आहे? आणि सांगितल्यामुळे जे नुकसान होते, ते कोणी सोसावे? नीतिशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या प्रश्नाला बरीच पाने मिळतात. दुसऱ्याला फारशी मिळत नाहीत. माझ्या मते दुसऱ्याचे उत्तर दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दिवाळी आटोपली की फलटण, बारामती, पारनेर अशा कमी पावसाच्या टापूंतील धनगर आपले वाडे घेऊन बाहेर पडतात. घोड्यावर सारा संसार, त्यावर बांधलेली कोंबडी, कधी मांडी घालून बसलेले लहान मूल, पुढे मेंढ्यांचा लोंढा आणि मागे कुत्री. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही पठारावरच काळ्या रानांतून फिरतात आणि मृगाच्या सुमारास परत फिरतात. किनारपट्टीवरील आपल्या वाचकांनी हे कळप रस्त्याच्या कडेने जाताना पाहिले असतील आणि मोटारीचा भोंगा वाजवून वाटही मागितली असेल. पीक निघालेल्या शेतात रात्रभर मेंढ्या बसवल्या की लेंडीखताने जमीन सुधारते. त्याबद्दल शेतकरी रात्रीमागे धान्य देतो किंवा पैसे मोजतो. या व्यवहाराला कागद नसतो. शेतकरी एकच गोष्ट विचारतो, ‘‘पाव्हणं, मेंढरं धड हायेत ना?’’ आणि पाहुण्याने दिलेल्या एका शब्दावर दोघांचे आणि दोघांच्या जनावरांचे भवितव्य ठरते.

ज्या रोगामुळे हा शब्द जड होतो, त्याची ओळख करून देणे आवश्यक आहे. सरकारी दवाखान्यात त्याला पीपीआर म्हणतात. खेड्यात बुळकांडीच म्हणतात. खरी बुळकांडी गाईगुरांची. तिने शतकानुशतके गोठेच्या गोठे रिकामे केले आणि अखेर २०११ साली ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याच्या देवीनंतर समूळ उच्छेद झालेला हा दुसराच रोग. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी तिची चुलत बहीण, आणि आपल्या मुलांना होणारा गोवरही याच कुळातला. तिची पहिली नोंद १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे झाली. भारतात ती १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर या गावी मेंढ्यांमध्ये ओळखली गेली. माणसाला ती होत नाही. मेंढक्याच्या दृष्टीने हेच काय ते समाधान.

आरंभी मेंढरू मलूल होते, चरणे सोडते, अंग तापते. मग डोळे आणि नाक वाहू लागतात; नाकातला पातळ स्राव घट्ट पिवळा होऊन नाकपुड्या बंद करतो. तोंडात, जिभेवर, हिरड्यांवर व्रण पडतात आणि श्वासाला कुजकट वास येतो. त्यानंतर हगवण आणि छातीचा विकार. गाभण मेंढ्या गाभडतात. आठ-दहा दिवसांत मेंढरू मरते किंवा वाचते. वाचले तर त्याला पुन्हा हा रोग होत नाही आणि ते इतरांना रोग देत हिंडतही नाही. विषाणूवर थेट औषध नाही. पशुवैद्य प्रतिजैविके देतो ती मागाहून शिरणाऱ्या जंतूंसाठी, आणि सलाईन देतो ते जनावर सुकू नये म्हणून. विषाणू स्वतः मोठा नाजूक आहे. उन्हात, उघड्यावर फार काळ टिकत नाही. त्याला एका तोंडाजवळ दुसरे तोंड हवे असते. आणि मेंढ्यांचा स्वभाव असा की त्या उन्हात एकमेकींच्या पोटाखाली डोके घालून उभ्या राहतात. त्यांचे रक्षण करणारी सवयच अशा वेळी त्यांच्या नाशाला कारण होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात आणि लक्षणे उघड होण्याच्या सुमारासच मेंढरू इतरांना रोग देऊ लागते. म्हणजे वेशीवर ‘मेंढरं धड आहेत’ असे सांगणारा माणूस प्रामाणिक असूनही त्याचे सांगणे खोटे ठरू शकते.

प्रतिबंधक लस मात्र उत्तम आहे. मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत ती तयार झाली. (१८८९ साली ही संस्था सुरू झाली ती आपल्या पुण्यात, चार वर्षांनी ती हिमालयाच्या थंडीत हलवली गेली. पुणेकरांनी अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टींत ही गोष्ट सहसा येत नाही.) एकदा टोचले की निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. जागतिक संघटनांनी २०३० पर्यंत हा रोग नाहीसा करण्याचा संकल्प सोडला आहे. अडचण लसीची नाही. अडचण बर्फाच्या पेटीची आहे, आज या तालुक्यात आणि उद्या त्या तालुक्यात असणाऱ्या कळपाची आहे, आणि विश्वासाची आहे. ज्या मेंढराच्या अंगात रोग आधीच शिरला आहे त्याला लस टोचली तर ते मरायचे तेव्हा मरतेच. पाहणारा म्हणतो, लसीने मारले. पुढच्या वर्षी डॉक्टरांची गाडी दिसली की वाडा वाट बदलतो.

आता साथ कळपात शिरलीच तर काय करायचे? पहिला नियम सर्वांना माहीत आहे : आजारी वेगळी करा. नियम सोपा, परंतु ख्रिस्ती मनाला तो किंचित बोचतो. लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधात जातो. साथीच्या दिवसांत मेंढपाळाला नेमके उलटे करावे लागते. एकाला स्वतःच्या हाताने उचलून नव्याण्णवांच्या बाहेर ठेवावे लागते. दाखला येथे अपुरा पडतो काय?

मला तसे वाटत नाही. हरवलेले मेंढरू इतरांना अपाय करीत नाही. आजारी मेंढरू, त्याचा काहीही दोष नसताना, करते. दोघांना एकच माप लावता येत नाही. दाखल्याचा प्राण ‘आत’ आणि ‘बाहेर’ या शब्दांत नाही. मेंढपाळाचे पाऊल कोणत्या दिशेने पडते, यात तो आहे. आजारी मेंढरू बाहेर ठेवले आणि त्याच्याजवळ कोणी बसले, तर ते टाकलेले नसते. मी पाहिलेल्या एका वाड्यात घरची सून आजारी मेंढरांपाशी रात्रंदिवस होती. ती त्यांची तोंडे लाल औषधाच्या पाण्याने धुई, नाकातली पपडी ओल्या फडक्याने काढी आणि ज्वारीची पातळ पेज बाटलीने घोट घोट पाजी. चौदा दिवस ती निरोगी कळपाकडे फिरकली नाही. तिचे जेवण दगडावर ठेवून दीर मागे फिरे. कारण रोग्याची सेवा करणाऱ्याने निरोग्यांत जायचे नसते. म्हणजे वेगळे करायला दोन माणसे लागतात. ज्याच्यापाशी एक बायको आणि एक दहा वर्षांचा पोरगा आहे, त्याच्यापाशी ती दोन माणसे नसतात. आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणून नाव ठेवतो, त्यातला बराचसा भाग हाच असतो.

कळपाच्या आतले कर्तव्य हे असे. वेशीवरचे त्याहून कठीण.

सेमिनरीत आम्हाला असत्याविषयीचा धडा तपशिलात शिकवला जाई. संत ऑगस्टीन यांना कोणतेही असत्य मान्य नव्हते, मग ते कोणाचा जीव वाचवण्यासाठी का असेना. संत थॉमस अक्वायनस यांनीही असत्याला नेहमीच पाप मानले. मात्र सत्य विवेकाने झाकून ठेवणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. या भेदाने पुष्कळ प्रामाणिक माणसांना दिलासा दिला आहे. शत्रूला घरात लपलेल्या निर्वासिताचा पत्ता सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही, हे त्यातूनच निघते.

परंतु आजारी कळपाच्या मेंढक्याला हा आडोसा घेता येत नाही. तेथे मौनाने कोणी वाचत नाही. त्याने काही न बोलता रात्री शेतात मेंढ्या बसवल्या, तर सकाळी शेजारच्या बांधावर चरायला येणाऱ्या शेळ्यांना रोग लागणार. त्या शेळ्या बहुधा गावातील सर्वांत गरीब माणसाच्या असतात. ज्याच्याकडे जमीन आहे तो गाय पाळतो. ज्याच्याकडे काही नाही तो शेळी पाळतो. तेव्हा मौन हे येथे केवळ सत्याविरुद्धचे पाप राहत नाही, ते न्यायाविरुद्ध जाते. मेंढक्याने सांगितलेच पाहिजे, यात मला संदेह नाही. कायदाही तेच म्हणतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयी संसदेने २००९ साली केलेल्या कायद्यानुसार, रोगाचा संशय येताच मालकाने गावात वर्दी द्यावी आणि आजारी जनावरे वेगळी ठेवावीत.

येथे बहुतेक प्रवचने संपतात. माझेही कदाचित संपले असते, जर वर्दी दिल्यावर काय घडते ते पाहिले नसते.

काही वर्षांपूर्वी, ख्रिस्तजयंतीच्या सुमारास, एका दुपारी एक वृद्ध मेंढका चर्चच्या आवारापासून बऱ्याच अंतरावर उभा राहून हाका मारू लागला. मी जवळ जाऊ लागलो तर म्हणाला, ‘‘फादर, थितंच थांबा. मेंढरांत बुळकांडी हाय. तुमच्या बोअरचं पाणी पायजे, पर आमची मेंढरं हौदाला लावू नका. लांब न्हेऊन पाजतो.’’ मी विचारले, ‘‘आजोबा, हे तुम्ही आधीच्या गावातही सांगितलंत का?’’

त्याने सांगितले ते असे. पहिल्या गावात खरे बोलला. तेथे त्याला पाणीही न देता हुसकले. पोरांनी दगड मारले. दुसऱ्या गावात खरे बोलला. तेथल्या पुढाऱ्यांनी सांगितले, अंधार पडायच्या आत शिवेबाहेर व्हा. आजारी मेंढरांना चालवत नेताना वाटेत सात पडली. तिसऱ्या गावात तो खोटे बोलला. मेंढ्या शेतात बसल्या, शेतकऱ्याने ज्वारी दिली, बाईने चहा दिला. ‘‘त्या बाईच्या दारात दोन करडं हुती,’’ तो म्हणाला आणि पुढचे काही बोलला नाही.

या माणसाचा न्याय करायला बसलो, तर तिसऱ्या गावातील असत्यासाठी त्याला दोषी धरावे लागेल. त्यानेही स्वतःला धरलेच होते. पण पहिल्या दोन गावांचे काय? त्यांनी आपली जनावरे सांभाळली, असे आपण म्हणू. त्यांनी कोणाला खोटे सांगितले नाही, कोणाचे काही घेतले नाही. मात्र रोगी कळपाला पाण्यावाचून, अंधारात, पुढच्या गावाकडे लोटले. आपल्या शिवेवरचे संकट त्यांनी उचलून दुसऱ्याच्या शिवेवर ठेवले. आजारी जनावराला चालवत नेण्याइतका साथ पसरवणारा दुसरा उपाय नाही. तिसऱ्या गावातली ती करडे मेली असतील, तर त्या मरणातला मोठा वाटा पहिल्या दोन गावांचा आहे. सत्य सांगणाऱ्याला जो समाज दगड मारतो, त्याने पुढे स्वतःशी असत्य बोलले गेले म्हणून आकांत करू नये.

जुन्या करारात लेवीय पुस्तकातील नियमानुसार कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहावे आणि आपली अशुद्धता स्वतःच्या तोंडाने ओरडून जाहीर करावी, असे होते. नियम क्रूर वाटतो, आणि तरी त्यात वस्तीच्या रक्षणाचे शहाणपण होते. पण सत्याची सारी किंमत तो एकट्या रोग्याकडून वसूल करीत असे. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला. मग शास्त्रविधीप्रमाणे याजकाला दाखवून ये, असेही त्याला सांगितले. वस्तीला खबर देण्याचा नियम त्याने मोडला नाही. त्या नियमाचे ओझे मात्र रोग्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहू दिले नाही.

हे ओझे वाटून घेण्याचा प्रयत्न राज्यसंस्थाही करतात. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. ती वीस फेब्रुवारीस निश्चित झाली, तोवर बाजारांतून मेंढ्या देशभर पोहोचल्या होत्या. मेंढ्यांत त्या रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की कोणाच्या ध्यानात आले नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यांत बहुसंख्य मेंढ्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ निरोगी, केवळ शेजारी रोग निघाला म्हणून मारलेल्या. सरकारने मारलेल्या जनावरांची भरपाई दिली. ती एक अब्ज पौंडांच्या वर गेली. सर्वाधिक फटका उत्तरेकडील कंब्रिया परगण्याला बसला. तेथील डोंगरांवर काही कळप असे आहेत की ज्यांना कुंपण लागत नाही. आपला डोंगर कोणता, हे मेंढी कोकराला चरता चरता शिकवते आणि ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. असा कळप नष्ट झाला तर पैशाने नव्या मेंढ्या येतात, डोंगराची ओळख येत नाही.

इतक्या निरोगी जनावरांचा संहार मला मान्य होत नाही. ज्या रोगाला लस आहे तेथे तो विचारही मनात येऊ नये. पण त्या सरकारने एक गोष्ट मान्य केली होती : सर्वांच्या हितासाठी एकाचे नुकसान होणार असेल, तर ते सर्वांनी भरून द्यावे. आपल्याकडेही २०२२ साली लम्पी चर्मरोगाच्या साथीत दगावलेल्या गाई-बैलांसाठी महाराष्ट्र शासनाने मदत जाहीर केली. दुधाळ गाईमागे तीस हजार रुपये. चांगले केले. परंतु मदत मिळवायला पंचनामा लागतो, पंचनाम्याला गाव लागते. घाटाच्या वळणावर पडलेल्या मेंढराचा पंचनामा कोणत्या गावाने करायचा?

आणि हे केवळ मेंढरांविषयी आहे, असेही कोणी समजू नये. २०२० सालचा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. मुंबईहून गावी परतणाऱ्या आपल्याच माणसांसाठी कित्येक गावांनी रस्त्यांवर दगड आणि काटेरी फांद्या टाकल्या. ताप आला तरी सांगू नका, असे आई मुलाला बजावू लागली. त्याच महाराष्ट्रात काही गावांनी शाळा उघडली, तेथे परतलेल्यांना चौदा दिवस ठेवले आणि घराघरांतून डबे पोहोचवले. दोन्ही प्रकारच्या गावांना भीती सारखीच होती. ज्या गावात डबा मिळत होता, तेथे ताप लपवण्याचे कारण उरत नव्हते.

त्या वृद्ध मेंढक्याच्या कळपाचे पुढे काय झाले, ते सांगावयास हवे. संध्याकाळी आमच्या वस्तीवर बैठक झाली. वातावरण पहिल्या दोन गावांपेक्षा फार निराळे होते असे नाही. ‘‘आमच्या शेळ्या मेल्या तर चर्च भरून देणार का?’’ असे एकाने मला विचारले, आणि प्रश्न रास्त होता. निर्णय फिरला तो एका शाळामास्तरांच्या साध्या हिशेबाने. ते म्हणाले, हुसकले तर कळप आपल्याच चराऊ रानातून जाणार, रात्री, आणि कोठून गेला हे आपल्याला कळणारही नाही. ठेवला तर निदान कोठे आहे ते ठाऊक राहील. भलेपणापेक्षा हा युक्तिवाद लोकांना पटला, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसले नाही. पाझर तलावापलीकडचे गायरान तीन आठवड्यांसाठी मेंढक्याला दिले. पाणी बैलगाडीतून पिंपाने जाऊ लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन वस्तीतल्या शेळ्यांना लस टोचली. गायरानापासून सर्वांत दूर असलेल्या घरापासून सुरुवात करीत ते आत आत आले. मेलेली मेंढरे चुना टाकून खोल पुरली. कळपातली चाळीसेक दगावली. नवीन आजारी पडणे तिसऱ्या आठवड्यात थांबले.

सर्वांनी योग्य तेच केले, आणि तरीही वस्तीतल्या एका विधवा मावशींच्या तीनपैकी दोन शेळ्या मेल्या. लस टोचून चारच दिवस झाले होते. संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. एका दुपारी दोघी दावे तोडून तलावापलीकडे गेल्या होत्या. शेळ्या बचत गटाच्या कर्जावर घेतलेल्या. वस्तीत लगेच सुरू झाले : लसीनेच मेल्या, मेंढक्यानेच मारल्या, बाईंनी बांधायला नको होत्या का नीट?

या शेळ्यांचे देणे कोणाकडे लागते, यावर मी पुष्कळ विचार केला. मेंढक्याकडे नाही, त्याने न विचारता सत्य सांगितले होते. मावशींकडे तर नाहीच. कळप ठेवून घेण्याचा निर्णय वस्तीने घेतला, आपल्या हितासाठी घेतला, आणि त्या हिताची किंमत योगायोगाने एका दारात पडली. देणे वस्तीचे होते. असे मी रविवारी मिस्सानंतर सांगितले तेव्हा लोक गप्प राहिले. बचत गटाच्या बायकांनी मात्र ते उपकाराच्या भाषेत न घेता हिशेबाच्या भाषेत घेतले. घरटी रक्कम ठरवली, वहीत लिहिली आणि पाच महिन्यांत वसूल केली. दोन घरांनी अद्याप दिलेली नाही, हेही वहीत आहे.

वाडा निघाला त्या पहाटे मेंढक्याने मावशींच्या दारात एक पाट बांधली, महिन्याभराची. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘तुमची चाळीस गेली. मला वस्तीनं पैसे दिलेत. न्या परत.’’ तो म्हणाला, ‘‘आक्का, वस्तीचं वस्तीपाशी. ह्ये माझं हाय,’’ आणि घोड्याच्या मागे चालू लागला. बराच वेळ त्या दावे सोडावे की नको, अशा उभ्या होत्या. मग उरलेल्या शेळीजवळ नेऊन त्यांनी तिला बांधले. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, आईच्या दुधातले संरक्षण आणखी तीन महिने पुरेल. चौथा महिना भरला की हिला टोचून घ्या.